वॉल्ट डिस्ने : आरोग्य शिकवणारी कार्टून आणि न सुटलेली सिगारेट

मिकी माऊसमुळे वॉल्ट डिस्ने हे नाव घराघरांत माहीत आहे. पण त्यांच्या स्टुडिओने दात, डास, लस आणि मासिक पाळी या विषयांवरही छोट्या चित्रफिती तयार केल्या, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. आज नर्स आणि आशा स्वयंसेविकांच्या प्रशिक्षणासाठी अ‍ॅनिमेशनचे लहान व्हिडिओ वापरले जातात. त्यांची पद्धत समजून घ्यायची तर डिस्ने यांचे आयुष्य पाहायला हवे. रुग्णांसाठीही त्यात एक धडा आहे.

बालपण आणि रुग्णवाहिका

डिस्ने यांचा जन्म 5 डिसेंबर 1901 रोजी शिकागोत झाला. घरची परिस्थिती बेताची होती. कॅन्सस सिटीत लहानपणी ते पहाटे उठून वर्तमानपत्रे टाकत. 1918 मध्ये वय कमी असल्याने कागदावरची जन्मतारीख बदलून ते रेडक्रॉसच्या रुग्णवाहिका पथकात भरती झाले. त्याच वर्षीच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत ते आजारी पडले आणि घरी राहून बरे झाले. फ्रान्सला पोहोचेपर्यंत पहिले महायुद्ध संपले होते. तिथे त्यांनी रुग्णवाहिका चालवली. सिगारेटची सवय याच तरुण वयात जडली.

दातांपासून सुरुवात

1922 मध्ये कॅन्सस सिटीत त्यांचा छोटा स्टुडिओ पैशांअभावी बंद पडायच्या बेतात होता. तेव्हा तिथल्या एका दंतवैद्याने मुलांना दातांची निगा शिकवणारी फिल्म करायला सांगितली आणि 500 डॉलर दिले. ही ‘टॉमी टकर्स टूथ’. तिचा विषय साधा होता : दात घासणारा मुलगा आणि न घासणारा मुलगा.

न दिसणारे दाखवणे

पुढे हॉलिवूडला गेल्यावर 1928 मध्ये मिकी माऊस प्रसिद्ध झाला, 1937 मध्ये ‘स्नो व्हाईट’ आला. दुसऱ्या महायुद्धात स्टुडिओचे बरेचसे काम सरकारी आणि लष्करी प्रशिक्षणाच्या फिल्मचे होते. लॅटिन अमेरिकेसाठी आरोग्याच्या फिल्मही झाल्या. 1943 च्या ‘द विंग्ड स्कर्ज’मध्ये मलेरिया पसरवणारी डासाची मादी गुन्हेगार म्हणून दाखवली आहे. स्नो व्हाईटचे सात बुटके पाणी साचलेल्या जागा बुजवतात आणि खिडक्यांना जाळ्या लावतात. त्याच वर्षीच्या ‘डिफेन्स अगेन्स्ट इन्व्हेजन’मध्ये सुईला घाबरणाऱ्या मुलांना डॉक्टर लस समजावतात. त्यात शरीर म्हणजे एक शहर आणि जंतू म्हणजे हल्लेखोर. 1946 मध्ये शाळकरी मुलींसाठी मासिक पाळीवर सुमारे 10 मिनिटांची फिल्म निघाली. तेव्हा या विषयावर घरातही उघडपणे बोलले जात नसे.

या फिल्म बघितल्या की काही गोष्टी लक्षात येतात. एका फिल्ममध्ये एकच विषय. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट ओळखीच्या उपमेतून दाखवायची. शेवटी बघणाऱ्याने नेमके काय करायचे, ते स्पष्ट हवे. चित्रे रंगवण्याआधी प्रत्येक प्रसंगाची कच्ची चित्रे क्रमाने भिंतीवर टाचून गोष्ट तपासायची पद्धत, म्हणजे स्टोरीबोर्ड, याच स्टुडिओत 1930 च्या दशकात रुळली. आजही नर्सला हात धुण्याच्या पायऱ्या शिकवणारा व्हिडिओ करताना आधी स्टोरीबोर्ड केला, तर चुकीची किंवा सुटलेली पायरी स्वस्तात दुरुस्त होते. चित्रे हलू लागल्यावर तीच चूक महागात पडते.

शेवटचे दिवस

डिस्ने यांची सिगारेट मात्र सुटली नाही. त्यांच्या खोकल्याच्या आवाजावरून ते येत असल्याचे स्टुडिओतल्या लोकांना कळत असे. धूम्रपानामुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, असे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य अहवालाने 1964 मध्ये जाहीर केले. नोव्हेंबर 1966 मध्ये मानेच्या जुन्या दुखण्यासाठी ते रुग्णालयात गेले, तेव्हा एक्स-रेमध्ये डाव्या फुप्फुसात गाठ दिसली. शस्त्रक्रिया करून ते फुप्फुस काढले, पण आजार पसरला होता. 65 वा वाढदिवस होऊन दहाच दिवस झाले होते, तेव्हा 15 डिसेंबर 1966 रोजी त्यांचे निधन झाले.

आपण काय घ्यावे?

माहिती असणे आणि सवय सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तंबाखू सोडताना इच्छाशक्तीबरोबर समुपदेशन आणि गरज पडल्यास औषधे लागतात. ती मागण्यात कमीपणा नाही. घरातल्या माणसांनी टोमणे मारण्यापेक्षा डॉक्टरांकडे सोबत यावे.

खोकला सवयीचा म्हणून सोडून देऊ नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकणारा किंवा बदललेला खोकला, थुंकीतून रक्त, धाप किंवा कारणाशिवाय घटणारे वजन असल्यास तपासणी करून घ्या. आणि डॉक्टरांचे बोलणे समजले नाही, तर चित्र काढून दाखवा असे निःसंकोच सांगा.