अजिंठ्याचे मेजर गिल

आपल्या जिल्ह्यातील अजिंठ्याची लेणी पाहायला आज जगभरातून लोक येतात. परिसरातील गावकऱ्यांना ती ठाऊक होती, पण बाहेरच्या जगाला कळली ती एका शिकाऱ्याच्या कुतूहलामुळे. एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी वाघूर नदीच्या दरीत आला असता त्याला पलीकडच्या कड्यात दहाव्या लेण्याची कमान दिसली. तो आत गेला, थक्क झाला आणि तिथल्या एका प्राचीन चित्रावरच आपले नाव व तारीख कोरून निघून गेला. कुतूहलाचा लाभ आणि त्याचा धोका, दोन्ही एकाच भेटीत दिसले.

पंचवीस वर्षांनी तिथे दुसरा एक लष्करी अधिकारी आला. त्याचे कुतूहल वेगळे होते.

रॉबर्ट गिल यांचा जन्म १८०४ सालचा. ते मद्रासच्या फौजेत होते. चित्रकलेत त्यांचा हात चांगला होता. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. अजिंठा गावातील बारादरीत त्यांनी मुक्काम केला. अंधाऱ्या लेण्यांत उभे राहून ते कॅनव्हासवर तैलरंगात मूळ आकाराची चित्रे काढीत. आजूबाजूला दाट जंगल, वाघांचा वावर आणि तापाची साथ. या काळात पारो नावाच्या स्थानिक स्त्रीची त्यांना साथ लाभली. १८५६ मध्ये ती वारली. गिल यांनी तिच्यासाठी बांधलेली कबर आजही अजिंठा गावात आहे. कवी ना. धों. महानोर यांच्या 'अजिंठा' या काव्यामुळे ही कथा मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचली.

गिल यांची चित्रे लंडनला गेली आणि तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली. वीस वर्षांच्या श्रमांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी चित्रे वाचली. तरीही गिल यांनी अजिंठ्याशी नाते तोडले नाही. त्यांनी कॅमेऱ्याने टिपलेली लेण्यांची छायाचित्रे १८६४ मध्येच पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली होती. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले. भुसावळ येथे त्यांची कबर आहे.

पुढे लेण्यांची कीर्ती पसरली, तशी हौशी माणसेही वाढली. कोणी भिंतीवरील चित्रांचे तुकडे काढून नेले, कोणी नावे कोरली. रंग उठून दिसावेत म्हणून लावलेले व्हार्निशही पिवळे पडले. अखेर १९२० मध्ये निजाम सरकारला इटलीहून दोन तज्ज्ञ बोलवावे लागले.

पाहण्याची ओढ वाईट नाही. प्रश्न एवढाच, की पाहून झाल्यावर आपण मागे काय ठेवतो? आपली मुले सहलीला अजिंठ्याला जातात. फ्लॅश मारू नका, भिंतीला हात लावू नका, असे सांगताना त्यांना मेजर गिल यांचीही गोष्ट जरूर सांगावी. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या दुःखात डोकावताना आपणही ती आठवावी.