ॲलिस बोनर : अनाम शिल्पींच्या रेषांचा मागोवा

वाराणसीच्या दक्षिणेस असी घाटावर गंगेकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका घरात एका स्विस कलावतीने आपल्या आयुष्याची चार दशके व्यतीत केली. ॲलिस बोनर हे त्यांचे नाव. चित्रकर्त्री आणि शिल्पकार म्हणून युरोपात घडलेल्या बोनर भारतीय शिल्पकलेच्या अभ्यासक म्हणून ख्यातनाम झाल्या. स्वतःच्या कलानिर्मितीपेक्षा प्राचीन भारतातील अनाम शिल्पींच्या रचनेचे रहस्य उलगडणे त्यांना अधिक मोलाचे वाटले.

बोनर यांचा जन्म २२ जुलै १८८९ रोजी इटलीतील लेन्यानो येथे एका स्विस कुटुंबात झाला. चित्रकला आणि शिल्पकलेचे शिक्षण त्यांनी ब्रुसेल्स, म्युनिक आणि बाझेल येथे घेतले. पुढे झुरिकमध्ये त्या शिल्पकार म्हणून काम करू लागल्या. १९२६ मध्ये तेथेच त्यांनी उदय शंकर या तरुण भारतीय नर्तकाचे नृत्य पाहिले. त्या नृत्यातील देहाची लय आणि तोल यांनी त्या प्रभावित झाल्या. त्यांनी उदय शंकर यांची अनेक रेखाटने केली आणि त्यांच्या आयुष्याला नवी दिशा मिळाली.

१९३० मध्ये बोनर उदय शंकर यांच्यासमवेत भारतात आल्या. वादक आणि वाद्यांच्या शोधार्थ दोघांनी देशभर प्रवास केला. त्यातून उभ्या राहिलेल्या नृत्यपथकाचा पहिला प्रयोग १९३१ मध्ये पॅरिसमध्ये झाला. संगीताची बाजू सांभाळणाऱ्यांत तिमिर बरन यांच्याबरोबर विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे शिष्य विष्णुदास शिराळी हेही होते. वाराणसीत जन्मलेले बालवयीन रविशंकरही या पथकात सामील झाले होते. पथकाच्या आर्थिक आणि व्यवस्थापकीय जबाबदारीचा मोठा वाटा बोनर यांनी उचलला. युरोप आणि अमेरिकेतील यशस्वी दौऱ्यांनंतर मात्र त्या पथकापासून दूर झाल्या आणि १९३६ मध्ये वाराणसीत स्थायिक झाल्या.

तो काळ युरोपीय कलेतील मोठ्या उलथापालथीचा होता. आंद्रे ब्रेताँ यांनी १९२४ मध्ये अतिवास्तववादाचा जाहीरनामा प्रसिद्ध केल्यापासून अनेक चित्रकार स्वप्न आणि अबोध मन यांतून प्रतिमा शोधत होते. दृश्य वास्तवापलीकडचे सत्य बोनर यांनाही खुणावत होते. मात्र त्यांनी ते व्यक्तीच्या स्वप्नात न शोधता ध्यान, प्रतीक आणि शिस्तबद्ध रचना यांच्या परंपरेत शोधले. प्रकृती, विश्वरूप आणि काली या त्यांच्या तीन भव्य चित्रांच्या मालिकेत सृष्टीची उत्पत्ती, स्थिती आणि लय हा क्रम साकारला आहे. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या भारत कला भवन या संग्रहालयात त्यांच्या नावाचे दालन आहे.

त्यांच्या संशोधनाचा पाया महाराष्ट्रातील वेरूळच्या लेण्यांशी निगडित आहे. तेथील शिल्पपटांसमोर बसून रेखाटने करताना त्यांना एक सूत्र जाणवले. उगारलेला हात, दुमडलेला पाय, शस्त्राचा दांडा यांच्या दिशा यदृच्छेने ठरलेल्या नाहीत. शिल्पपटाच्या मध्यबिंदूभोवती वर्तुळ कल्पून त्याचे व्यासांनी समान भाग केले, तर आकृतींच्या प्रमुख रेषा त्या व्यासांना समांतर जातात, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रसंग उग्र असो वा शांत, त्याचा भाव या अदृश्य सांगाड्यातूनच प्रकट होतो, असे त्या मानीत. वेरूळ, बदामी आणि महाबलीपुरम येथील शिल्पांच्या आधारे मांडलेला हा सिद्धांत १९६२ मध्ये हिंदू शिल्पातील रचनातत्त्वांवरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथातून प्रसिद्ध झाला.

या सिद्धांतापुढे एक मूलभूत प्रश्न होता. पूर्ण झालेल्या शिल्पावर आज रेषा आखता येतात, पण शिल्पींनी त्या खरोखर आखल्या होत्या कशावरून? या प्रश्नाचे उत्तर शोधत बोनर ओडिशातील ताडपत्रांवरील पोथ्यांकडे वळल्या. पंडित सदाशिव रथ शर्मा यांच्या सहकार्याने त्यांनी मंदिरस्थापत्यावरील शिल्पप्रकाश हा संस्कृत ग्रंथ इंग्रजी अनुवादासह १९६६ मध्ये प्रकाशित केला. कोणार्कच्या सूर्यमंदिराविषयीचा ग्रंथ १९७२ मध्ये आला. वास्तुसूत्र उपनिषदाची आवृत्ती बेटिना बॉइमर यांच्या सहभागाने १९८२ मध्ये, बोनर यांच्या निधनानंतर प्रकाशित झाली. या पोथ्यांच्या प्राचीनतेविषयी पुढे अभ्यासकांत मतभेद झाले. भूमितीचे त्यांचे सूत्र सर्वच शिल्पांना लागू पडते का, याविषयीही एकवाक्यता नाही. तथापि, प्रतिमेची ओळख तिच्या हातातील आयुधांवरून पटवण्यापलीकडे जाऊन तिची रचना पाहण्याची दृष्टी त्यांच्या कार्याने दिली.

झुरिक विद्यापीठाने १९६९ मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट प्रदान केली, तर भारत सरकारने १९७४ मध्ये पद्मभूषण किताबाने त्यांचा गौरव केला. आपला भारतीय कलासंग्रह त्यांनी झुरिकच्या रीटबर्ग संग्रहालयाला दिला. वार्धक्यामुळे १९७८ मध्ये त्यांना वाराणसी सोडावी लागली. १३ एप्रिल १९८१ रोजी झुरिक येथे त्यांचे निधन झाले. १९३४ ते १९६७ या काळातील त्यांच्या भारतविषयक दैनंदिनी १९९३ मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशित झाल्या.

असी घाटावरील त्यांच्या घरात पुढे त्यांच्या नावाची संस्था सुरू झाली. कलावंत आणि अभ्यासक तेथे वास्तव्य करून काम करतात. स्वतःचे नाव मागे न ठेवणाऱ्या शिल्पींच्या शोधात बोनर यांनी आपल्या छिन्नीला विराम दिला होता. वेरूळच्या लेण्यांत दगडामागील रेषा शोधणाऱ्या अभ्यासकाला त्यांच्या कार्याची दखल आजही घ्यावी लागते.