मातीची प्रत लावणारा इंजिनियर : सर जॉर्ज विंगेट

बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरून मलकापुराकडे जाताना जमिनीचे रूप कसे पालटत जाते, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. वर बालाघाटात कोठे मुरमाड बरड, तर कोठे हातभर खोलीची मध्यम जमीन लागते. खाली पूर्णेच्या खोऱ्यात उतरावे, तो क्षितिजापर्यंत काळीच काळी. शेतकऱ्याला हा भेद कोणी शिकवावा लागत नाही. भारी, मध्यम, हलकी, बरड, चोपण ही नावे त्याच्या जिभेवर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. परंतु एका गावची भारी जमीन ही दुसऱ्या गावच्या भारी जमिनीइतकीच भारी आहे काय, आणि असल्यास ते कोणत्या मापाने ठरवावे, या प्रश्नाचे उत्तर नुसत्या नावांत सापडत नाही. हे माप शोधून काढण्यात ज्याने आपल्या आयुष्याचा उमेदीचा काळ वेचला, त्या पुरुषाचे चरित्र आपल्या वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

जॉर्ज विंगेट यांचा जन्म १८१२ साली झाला. ते तरुणपणीच कंपनी सरकारच्या नोकरीत शिरून मुंबई इलाख्याच्या इंजिनियर पथकात अधिकारी झाले. त्या वेळी पेशवाई बुडून फार वर्षे लोटली नव्हती. दख्खनचा मुलूख इंग्रजांच्या हाती आला होता खरा, पण त्याचा शेतसारा कसा आकारावा हे त्यांस उमगले नव्हते. प्रिंगल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने पुणे प्रांतात एक मोठी मोजणी करून पाहिली. प्रत्येक जमिनीचे उत्पन्न काढावे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारने घ्यावे, अशी ती योजना होती. कागदावर ती सुरेख दिसे. पण उत्पन्नाचे आकडे अंदाजी, हाताखालच्या कामगारांत लाचलुचपत आणि त्यात अवर्षणाची भर! सारा जड झाला, बाकी तुंबली, आणि कित्येक कुटुंबे जमीन टाकून परागंदा झाली. मातीविषयीचा चुकीचा आकडा माणसाला घराबाहेर काढू शकतो, हे त्या वेळी दिसून आले.

१८३५ साली गोल्डस्मिड या मुलकी अधिकाऱ्याकडे पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्याचे काम आले. त्यांच्या मदतीस जे लष्करी अधिकारी दिले गेले, त्यांपैकी तेवीस वर्षांचे लेफ्टनंट विंगेट हे एक होत. जुन्या मोजणीची दुरुस्ती करावी एवढाच मूळ हेतू होता. परंतु दुरुस्ती करता करता या दोघांस नवी पद्धतीच उभारावी लागली. १८३६ साली इंदापुरास हा नवा सारा तीस वर्षांच्या मुदतीने लागू झाला. पुढे अनुभवाने पद्धतीत सुधारणा होत गेली, आणि १८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन या तिघांनी मिळून तिचे सर्व नियम एका संयुक्त अहवालात घालून दिले.

या पद्धतीचे मर्म असे, की उत्पन्नाचा अंदाज करण्याचे सोडून देऊन जे डोळ्यांस दिसते व हातांनी मोजता येते तेवढेच मोजावे. प्रथम क्षेत्र. त्यासाठी ३३ फूट लांबीची साखळी असे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे मिळून एक एकर. आजही आपल्या घरी जे एकर-गुंठे ऐकू येतात, त्यांचा हिशेब हाच.

नंतर मातीची प्रत. प्रतबंदी करणारा कारकून शेताचा कच्चा नकाशा काढून त्याचे सारखे भाग पाडी, आणि प्रत्येक भागात माती खणून दोन गोष्टी पाही. पहिली गोष्ट, मातीचा पोत व रंग. यांवरून तीन जाती ठरविल्या होत्या : बारीक, एकसारख्या पोताची, काळीभोर ते गर्द तपकिरी माती ही पहिली, एकसारखी पण काहीशी भरड, फिकट, बहुधा तांबूस माती ही दुसरी, आणि खडेमिश्रित, भुसभुशीत, फिकट तपकिरी वा करडी माती ही तिसरी. दुसरी गोष्ट म्हणजे खोली. ती हातांच्या मापाने, पाव हातापासून पावणेदोन हातांपर्यंत, मोजीत. जाती व खोली यांचा मेळ घालून एकंदर नऊ प्रती केल्या, आणि त्यांस अनुक्रमे १६, १४, १२, १०, ८, ६, ४॥, ३ व २ आणे अशी किंमत दिली. पहिल्या जातीची पावणेदोन हात खोल माती सोळा आण्यांची, तर तिसऱ्या जातीची अवघी पाव हात माती दोन आण्यांची.

याशिवाय दोष पाहावयाचे. मातीत चुनखडीचे खडे असणे, वाळूचे मिश्रण असणे, जमीन उतरती असणे, पावसात वाहत्या पाण्याखाली जाणे, पाझरामुळे नको तितकी ओल राहणे, असे काही दोष नेमून दिले होते. प्रत्येक दोषास माती एक प्रत खाली उतरे. दीड हात खोल काळी माती दुसऱ्या प्रतीची, म्हणजे चौदा आण्यांची. पण तीत चुनखडी निघाली तर ती बारा आण्यांची, आणि त्यावर जमीन उतरती असली तर दहा आण्यांची होई.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका शेताचे आठ भाग पाडले. त्यांपैकी तीन भाग चौदा आण्यांचे, तीन बारा आण्यांचे व दोन आठ आण्यांचे निघाले. बेरीज चौऱ्याण्णव आणे. तिला आठांनी भागता शेताची सरासरी अकरा आणे नऊ पै येते. त्या भागात उत्तम जमिनीचा दर एकरी एक रुपया ठरला असेल, तर या शेताचा दर अकरा आणे नऊ पै. उत्तम जमिनीचा दर मात्र पाऊसपाणी, बाजारपेठेचे अंतर व शेतीची स्थिती पाहून गावांच्या गटास मिळून ठरे. तीस वर्षांच्या मुदतीत शेतकऱ्याने विहीर खणली किंवा बांध घातला, तरी त्यापायी सारा वाढवावयाचा नाही, असा दंडक होता. इंदापुरास पडीत जमीन हळूहळू पुन्हा लागवडीस आली, आणि ही पद्धत इलाख्यात इतरत्र पसरली.

तथापि सर्वत्र तिचे स्वागत झाले असे नाही. १८५२ साली खानदेशात मोजणी सुरू होताच सावदा, फैजपूर या बाजूंच्या रयतेने तिला उघड विरोध केला, आणि सरकारने फौजेच्या बळावर तो मोडला. साखळी घेऊन येणारा माणूस सारा वाढविण्यासाठीच येतो, हे भय रयतेच्या मनात खोल रुजलेले होते. मोजमाप कितीही सचोटीचे असो, ते कोणाच्या हितासाठी आहे याविषयी लोकांची खात्री पटली नाही, तर ते जुलूमच वाटते.

आपला वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, आणि १८६० नंतरच्या दशकात येथेही मुंबईच्या धर्तीवर मोजणी व प्रतबंदी झाली. मेहकर, चिखली, मलकापूर या बाजूंच्या शिवारांत साखळ्या फिरल्या, त्या याच नियमांनी.

विंगेट यांची खरी थोरवी अशी, की आपल्या कामाचे दुष्परिणामही त्यांनी डोळ्यांआड केले नाहीत. सारा निश्चित झाल्याने जमिनीस बाजारात किंमत आली. ती गहाण पडू लागली. आणि नव्या कोर्टांचे हुकूमनामे सावकाराच्या हाती आयते शस्त्र होऊन बसले. ही गोष्ट त्यांनी १८५२ सालीच सरकारच्या नजरेस आणली होती. तिकडे वेळीच लक्ष गेले नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उद्रेक झाला व खतेपत्रे जाळली गेली, तेव्हा त्या इशाऱ्याची आठवण झाली. १८५९ साली त्यांनी हिंदुस्थान व इंग्लंड यांच्या आर्थिक संबंधांवर एक पुस्तिका लिहून, या देशातून मोबदल्यावाचून बाहेर जाणारा पैसा देशास कसा दरिद्री करतो, हे दाखविले. सरकारी अधिकाऱ्याच्या लेखणीतून हे निघावे, याचे महत्त्व पुढे आपल्या राष्ट्रीय अर्थशास्त्रज्ञांनी ओळखले. १८६६ साली विंगेट यांस सर हा किताब मिळाला. १८७९ साली ते वारले. त्याच वर्षी दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देण्याचा कायदा झाला, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

विंगेट यांच्या प्रतबंदीत उणिवा होत्याच. त्या काळी मातीच्या रसायनाचा विचार नव्हता. पावणेदोन हातांखाली काय आहे, हेही पाहिले जात नसे. पूर्णाकाठची काळी माती खोल व बारीक खरी; पण तिच्या बऱ्याच पट्ट्यात पोटातले पाणी खारे आहे आणि पाण्याचा निचरा नीट होत नाही. नुसती खोली व रंग पाहून या खारपाणपट्ट्याचे दुखणे कळत नाही. आजचे मृदाशास्त्रज्ञ पुरुषभर खोल खड्डा घेतात, मातीचे थर एकाखाली एक नोंदवितात, रंग ठरीव रंगपट्टीशी ताडून पाहतात, आणि क्षार, चुना व चिकणमातीचे प्रमाण प्रयोगशाळेत काढतात. उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या व पावसात फुगणाऱ्या आपल्या काळ्या मातीस ते व्हर्टिसॉल म्हणतात. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था देशभरच्या मातीचे असे नकाशे तयार करते. एक भेद मात्र मोठा आहे : त्या काळी माती पाहत ती सारा ठरविण्यासाठी, आता पाहतात ती तिला काय मानवेल हे जाणण्यासाठी. तरीही पोत, रंग, खोली, उतार व निचरा ही नोंद आजच्या वहीतही अगदी आरंभी असते.

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुट्टीत आपल्या शेतात दोन-तीन ठिकाणी हातभर खणून पाहा. माती कोठवर काळी आहे, चुनखडी कोठे लागते, मुरूम कोठे येतो, हे वहीत टिपा आणि मग आजोबांना विचारा. त्यांचे उत्तर व तुमची नोंद बहुधा जुळेल; जेथे जुळणार नाही, तेथे पुन्हा खणून पाहा. ऐकीव अंदाजावर न विसंबता स्वतः खणून पाहावे, आणि आपल्या मापाची चूक दिसल्यास ती लपवू नये, हाच या चरित्राचा बोध आहे.