पहिल्या पावलाचे मोल

कुलीन स्त्रियांच्या कलाक्षेत्रातील पदार्पणाचा इतिहास महाराष्ट्रात अभिमानाने सांगितला जातो. १९३१ साली दुर्गा खोटे पडद्यावर आल्या. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकातून ज्योत्स्ना भोळे रंगभूमीवर उभ्या राहिल्या. या घटनांचे मोल थोर आहे यात संशय नाही. परंतु त्यापूर्वी सुमारे वीस वर्षे ज्या मायलेकींनी पडद्याचा उंबरठा प्रथम ओलांडला, त्यांच्यापाशी ना शिक्षणाचे बळ होते, ना प्रतिष्ठेचे. होती ती केवळ पोटाची निकड. त्यांतील मुलगी म्हणजे कमलाबाई गोखले.

कमलाबाईंचा जन्म १९०० सालचा. आई दुर्गाबाई कामत यांनी पतीचे घर सोडले, तेव्हा एकट्या स्त्रीला सन्मानाने जगण्याचे मार्ग जवळजवळ बंदच होते. त्यांनी नाटकाचा मार्ग पत्करला आणि समाजाचा बहिष्कारही. नाटक मंडळीबरोबर गावोगाव हिंडत वाढलेल्या कमलेला शाळा अशी मिळालीच नाही. अगदी कोवळ्या वयात ती रंगमंचावर आली.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, त्या वेळी तारामतीसाठी एकही स्त्री मिळेना. अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसावे लागले. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि तेरा वर्षांची कमला मोहिनी. भारतीय चित्रपटातील पहिल्या स्त्री कलावंत म्हणून या दोघींचे नाव घ्यावे लागते. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांनी रसिक मुग्ध होत होते, त्या काळातली ही गोष्ट. पुरुषाने साकारलेली स्त्री समाजाला वंद्य होती. स्त्रीने साकारलेली स्त्री मात्र निंद्य ठरत होती.

पुढे चित्ताकर्षक नाटक मंडळीतील रघुनाथराव गोखले यांच्याशी कमलाबाईंचा विवाह झाला. परंतु पंचविशीच्या सुमारासच त्यांना वैधव्य आले. पदरी लहान मुले. त्या काळच्या विधवेने घराच्या कोपऱ्यात दिवस कंठावेत, अशी लोकांची अपेक्षा असे. कमलाबाईंनी तोंडाला रंग लावून संसार चालवला. केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळीत त्यांनी पुरुषांच्या भूमिकाही केल्या. रंगभूमीबरोबर चित्रपटही चालूच राहिले; त्यांची संख्या पस्तीसच्या आसपास भरते.

त्यांचे पुत्र चंद्रकांत गोखले नाट्य-चित्रसृष्टीत मान्यवर झाले. लालजी आणि सूर्यकांत यांनी तबलावादनात नाव मिळवले. नातू विक्रम गोखले यांची कीर्ती तर सर्वश्रुत आहे. गोखले घराण्याचा गौरव करताना लोक या पुरुषांची नावे सहज घेतात. ज्या बाईच्या कष्टांवर ते घराणे उभे राहिले, तिचे नाव मात्र पुष्कळदा पहिली अभिनेत्री या एका ओळीत आटोपते. वृद्धापकाळी रीना मोहन यांनी त्यांच्यावर अनुबोधपट काढला, म्हणून त्यांची बोलती-चालती मुद्रा पुढच्या पिढ्यांना लाभली.

समाजसुधारणेचे श्रेय आपण बहुधा विचारपूर्वक पाऊल टाकणाऱ्यांना देतो. ते योग्यच आहे. पण पुष्कळदा वाट पाडतात ती गरजेने घराबाहेर ढकललेली माणसे. प्रतिष्ठित माणसे मागाहून येतात आणि त्या वाटेला राजमार्गाचे रूप देतात. मागाहून येणाऱ्यांचा सत्कार होतो, पहिल्यांच्या वाट्याला दगड येतात. विठ्ठलवाडीच्या एखाद्या शाळेतील मुलगी आज स्नेहसंमेलनात नाटकात उभी राहते, तेव्हा तिच्या आईवडिलांना कौतुकच वाटते, लाज वाटत नाही. हा पालट आपोआप घडलेला नाही. त्याची किंमत कुणीतरी आधीच चुकती केली आहे, एवढे तरी त्या मुलीला सांगितले पाहिजे. आणि सांगताना कमलाबाईंचे नाव विसरता कामा नये.