मैत्रीने घडविलेला संत

संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नवार राज्यात एका सरदार घराण्यात झाला. १५२५ साली ते शिक्षणासाठी पॅरिसला गेले. तेथे पीटर फेबर हे त्यांचे खोलीसोबती होते. १५२९ मध्ये वयाने मोठे, पायाने अधू असलेले इग्नेशियस लोयोला त्याच खोलीत राहावयास आले. मानमरातबाची स्वप्ने पाहणाऱ्या फ्रान्सिस ह्यांनी त्यांची थट्टाच केली. इग्नेशियस रागावले नाहीत. फ्रान्सिस अध्यापन करू लागले तेव्हा त्यांनी विद्यार्थी मिळवून दिले, पैशांची नड भागविली. आणि आत्म्याचे काय, हा प्रश्न मात्र सोडला नाही. अखेर फ्रान्सिस ह्यांचे मन पालटले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी सात मित्रांनी मोंमार्त्र येथे व्रते घेतली.

१५४२ साली फ्रान्सिस गोव्यात आले. दूरच्या सोबत्यांच्या पत्रांतील सह्या कापून त्यांनी त्या गळ्यात बाळगल्या. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनजवळील बेटावर त्यांचे देहावसान झाले. १२ मार्च १६२२ रोजी दोघाही मित्रांना एकाच दिवशी संतपद लाभले.

आपण जुन्या गोव्यात त्यांच्या दर्शनाला जातो. परंतु चुकणाऱ्या मित्राची आपण एकतर स्तुती करतो किंवा त्याला टाळतो. आधी त्याची नड भागवावी, मग प्रेमाने सत्य सांगावे, हे आपण इग्नेशियस ह्यांच्याकडून शिकू या.