मुन्शी प्रेमचंद

प्रेमचंदांच्या कथा तुम्ही उर्दूत वाचल्या असतील. त्यांचे खरे नाव धनपतराय. त्यांचा जन्म १८८० साली बनारसजवळील लमही गावी झाला. शाळेत असताना ते पुस्तकांच्या दुकानात बसून उर्दू कादंबऱ्या वाचत. लेखनाचे धडे त्यांना तेथेच मिळाले. गणित कच्चे असल्यामुळे त्यांना कॉलेजात प्रवेश मिळाला नाही. मग ते शिक्षक झाले आणि नवाबराय या नावाने लिहू लागले. १९०८ साली निघालेला त्यांचा 'सोजे वतन' हा उर्दू कथासंग्रह इंग्रज सरकारने जप्त केला. तरी ते थांबले नाहीत. प्रेमचंद हे नवे नाव घेऊन ते लिहीतच राहिले. नोकरी सांभाळून अभ्यास केला आणि १९१९ साली ते बी.ए. झाले. मुलांनो, एखाद्या विषयात तुम्ही मागे पडलात, तरी वाचन सोडू नका.