पगारापेक्षा पाली मोठी मानणारे प्राध्यापक : धर्मानंद कोसंबी

आपल्या समाजातील अनेक मुले-मुली आज एम.ए., पीएच.डी. करीत आहेत. सेट-नेट होऊनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारे कितीतरी जण आम्हाला कामाच्या निमित्ताने भेटतात. शिकवण्यात आणि संशोधनात मन रमते, पण त्यातून मिळते काय, हा प्रश्न त्यांना छळतो. अशा वेळी आम्हाला आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र आठवते.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या खेड्यात धर्मानंदांचा जन्म झाला. शालेय शिक्षण जेमतेम, घरी नारळीच्या बागायतीचे काम. अशा या तरुणाच्या हाती ‘बालबोधमेवा’ मासिकाचा अंक पडला. त्यातील बुद्धचरित्र वाचून बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचाच, असा ध्यास त्यांनी घेतला. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. तेव्हा मोठी मुलगी माणिक काही महिन्यांचीच होती.

पुणे, ग्वाल्हेर करीत ते काशीला पोहोचले. तिथे अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. बुद्धाचा धर्म सापडेल या आशेने ते नेपाळला गेले, पण तिथे निराशा झाली. मग बुद्धगया, कलकत्ता आणि १९०२ साली सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली त्यांनी पाली शिकून श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशातही राहिले. पदवीचे एकही प्रमाणपत्र जवळ नव्हते, पण त्रिपिटक मुळातून वाचण्याची ताकद त्यांनी कमावली होती.

१९०६ साली भिक्षुवेष उतरवून ते कलकत्त्याला पाली शिकवू लागले. पुढे कलकत्ता विद्यापीठातही त्यांची नेमणूक झाली. पद मानाचे, पगार चांगला. पण महाराष्ट्रात बुद्धाची ओळखच उरलेली नाही आणि आपण मात्र बंगालमध्ये शिकवतो, हे त्यांना खुपत होते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी महाराष्ट्रात राहून काम केल्यास दरमहा ५० रुपये देण्याची तयारी दाखवली. त्याहून कितीतरी जास्त देणारी कलकत्त्याची नोकरी कोसंबींनी सोडली. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे त्यांचे मराठी पुस्तक त्यानंतरच्या काळातले.

१९१० साली हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती हेन्री क्लार्क वॉरन यांनी हाती घेतली होती, पण १८९९ मध्ये त्यांचे निधन झाले. ते काम पूर्ण करायचे होते. वेगवेगळ्या प्रती जुळवणे, पाठभेद तपासणे, एकेका शब्दासाठी दिवस घालवणे, हे काम कोसंबींनी मनापासून केले. परंतु ग्रंथावर श्रेय कोणाचे, यावरून प्रा. लॅनमन यांच्याशी त्यांचे मतभेद झाले. काम अर्धवट ठेवून ते १९१२ साली परतले. राबणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, हा अनुभव आजच्या संशोधक विद्यार्थ्यांनाही नवा नाही. कोसंबींनी स्वाभिमान सोडला नाही, आणि ग्रंथही सोडला नाही. त्या कामासाठी ते पुन्हा अमेरिकेला गेले, एकदा नव्हे, अनेकदा. हार्वर्डची ती आवृत्ती शेवटी १९५० साली निघाली. ती पाहायला कोसंबी हयात नव्हते.

१९१२ ते १९१८ ही सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळावे म्हणून डॉ. रा. गो. भांडारकरांच्या साहाय्याने त्यांनी खटपट केली. पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वि. राजवाडे हे त्यांचे विद्यार्थी पुढे पालीचे नामवंत अभ्यासक झाले. आपल्यामागे चार माणसे या वाटेवर आली, हे समाधान कोणत्याही वेतनश्रेणीत बसत नाही.

नंतर ते अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात गेले, १९२९ मध्ये लेनिनग्राडलाही गेले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. पुढे परळच्या कामगारवस्तीत त्यांनी बहुजनविहार उभारला. जगभरच्या विद्यापीठांत वावरलेला हा माणूस अखेर कष्टकऱ्यांच्या वस्तीत येऊन बसला, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. १९४०-४१ मध्ये ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा ग्रंथ आला. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून त्यांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद पुढे आणला. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही गृहत्यागाची मांडणी याच वादाभोवती आहे. जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे अन्नत्याग करून कोसंबींनी देह ठेवला.

या चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोसंबी ज्ञानाच्या शोधात फिरत होते, तेव्हा त्यांच्या पत्नी बाळाबाई तान्ह्या मुलीला घेऊन मागे राहिल्या. १९१८ मध्ये माणिक आणि दामोदर ही मुले वडिलांबरोबर अमेरिकेला गेली, बाळाबाई गेल्या नाहीत. एकाच्या ज्ञानसाधनेची किंमत घरातील बाईने मोजायची, हे आपण आदर्श म्हणून घेऊ नये. तसेच कोसंबींनी पगार सोडला म्हणून आजच्या कंत्राटी प्राध्यापकाने उपाशी शिकवावे, असेही कोणी म्हणू नये. कोसंबींच्या पाठीशी सयाजीरावांचे ५० रुपये होते. पूर्ण पगाराची कायम जागा मागणे हा शिक्षकाचा हक्क आहे.

मात्र जागा मिळाल्यावर काय करायचे, हे कोसंबींकडून शिकता येते. हार्वर्डच्या अभ्यासकांसाठी ज्यांनी पाठभेद तपासले, त्यांनीच सामान्य वाचकासाठी सोप्या मराठीत बुद्ध लिहिला. आपल्याकडे प्रबंध मंजूर झाला की ग्रंथालयाच्या कपाटात जातो. ज्यांच्या आयुष्यावर तो लिहिला, त्यांच्यापर्यंत तो पोहोचत नाही. पीएच.डी. झालेल्या प्रत्येकाने आपल्या प्रबंधाचे सार वीस-पंचवीस पानांत, आईला कळेल अशा मराठीत लिहावे आणि आपल्या वस्तीच्या विहारात एकदा तरी वाचून दाखवावे. ऐकणारे प्रश्न विचारतील, वाद घालतील. आपण शिकलो ते कशासाठी, हे त्या दिवशी कळेल, असा आमचा विश्वास आहे.